दसऱ्यानंतरची शिकवणी

लायसन हातात पडल्यानंतर पुन्हा गाडी शिकायला गेलेला माणूस अख्ख्या पुण्यात एकच आहे, आणि तो नेमका साडू म्हणून माझ्या वाट्याला आला आहे. बरं, एकदा गेले असते तर समजू शकलो असतो. माणूस घाबरतो, मध्ये बरीच वर्षं गाडीला हात लागलेला नसतो. पण हे गृहस्थ दरवर्षी जातात. दसऱ्याला सगळं पुणे गाड्या धुतं, हार घालतं, चाकाखाली लिंबू ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच हारासकट चौकात उलट्या बाजूने घुसतं. आमचे साडूही हार घालतात, नाही असं नाही. पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट चढवून, खिशाला पेन लावून ते बिबवेवाडीतल्या एका लहानशा ड्रायव्हिंग क्लासात पहिल्या खुर्चीवर जाऊन बसतात. "गाडीचं सर्व्हिसिंग दरवर्षी करता ना?" ते मला विचारतात. "मग चालवणाऱ्याचं कोण करणार? काल पूजा यंत्राची झाली. बिघाड यंत्रात नसतो, साडूभाऊ." लिंबाविषयी त्यांचं मत असं, की ते सरबताला उत्तम.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. या बहिणीला आम्ही सगळेच ताई म्हणतो. साडू एका माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, म्हणजे आयुष्यभर फळ्याच्या बाजूला उभे राहिलेले. त्यामुळे बाकाच्या बाजूला बसण्याची हौस राहून गेली असावी, असा माझा अंदाज आहे. क्लासात बाकी सगळी अठरा-वीस वर्षांची मुलं-मुली, शिकायला किंवा नोकरीला बाहेरगावाहून आलेली. त्यांच्यात हे सत्तरीचे विद्यार्थी हात वर करून शंका विचारतात आणि उत्तर पटलं नाही तर हात तसाच वर ठेवतात. एकदा शेजारच्या मुलाने अदबीने विचारलं, "अंकल, तुमचं लायसन कॅन्सल झालंय का?" साडू म्हणाले, "नाही. तुला अजून मिळायचंय, मला मिळालंय. दोघांनाही गाडी येत नाही. फरक एवढाच, की मला ते ठाऊक आहे." त्या मुलाने त्यानंतर जागा बदलली.

गाडी येत नाही हे त्यांनी गाडीवरही जाहीर केलेलं आहे. पांढऱ्या पत्र्यावर लाल रंगात स्वतःच्या हाताने रंगवलेली 'एल'ची पाटी गाडी घेतल्या दिवसापासून मागे तारेने बांधलेली आहे. ऊन लागून रंग उडाला की ते तो पुन्हा देतात. सोसायटीतल्या बायकांना बरीच वर्षं वाटत होतं, की ताई शिकते आहे. एकीने विचारलंच, "काय हो, अजून जमत नाही का तुम्हाला?" ताई म्हणाली, "माझं केव्हाच झालं. यांचंच व्हायचंय." एकदा स्वारगेटपाशी हवालदाराने गाडी बाजूला घेतली. शिकाऊ माणूस एकटाच गाडी चालवतो आहे म्हटल्यावर त्याला चांगली शिकार मिळाल्यासारखं वाटलं असणार. साडूंनी पक्कं लायसन काढून दिलं. हवालदाराने ते उलटंसुलटं केलं. "काका, मग ह्यो एल कशाला लावलाय?" साडू म्हणाले, "शिक्षण पूर्ण झालं असं या लायसनवर कुठे लिहिलंय, तेवढं दाखवा, आत्ता काढतो." हवालदाराने थोडा वेळ खरंच शोधलं. मग लायसन परत देत तो म्हणाला, "जावा काका. पर सावकाश." सावकाश हा सल्ला आमच्या साडूंना देणारा तो पहिलाच माणूस.

कारण त्यांच्या वेगाबद्दल आमच्या कुटुंबात स्वतंत्र वाङ्मय आहे. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवावं, असं क्लासात शिकवतात, सगळ्यांनाच शिकवतात. साडू ते ठेवतात. पुण्यात दोन गाड्यांमध्ये अंतर दिसलं की तिथे दुचाकी येते, तशी ती येते. मग साडू त्या दुचाकीपासून अंतर ठेवतात. तिथे दुसरी येते. ताईचं म्हणणं असं, की संध्याकाळच्या गर्दीत सिंहगड रस्त्याला लागलं तर हे अंतर ठेवत ठेवत मागे येतील आणि धायरीला जायला निघालेला माणूस स्वारगेटला पोचेल. रस्ता ओलांडणाऱ्यांसाठी ते पांढऱ्या पट्ट्यांच्या अलीकडे थांबतात, हा तर निव्वळ छळ आहे; कारण ओलांडणाऱ्यांचा त्यावर विश्वास बसत नाही. टिळक रस्त्यावर एक आजीबाई हातात भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. साडू थांबले आणि हाताने "या" म्हणाले. आजीबाई जागच्या हलेनात. मागे भोंग्यांचा कल्लोळ. शेवटी आजीबाई काचेपाशी येऊन म्हणाल्या, "तुम्ही जा हो पुढे. तुमच्या मनात काय आहे, मला काय माहीत?" साडूंनी गाडी बंद केली, किल्ली काढून त्यांना दाखवली, तेव्हा कुठे त्या गेल्या. जाताना दोनदा वळून पाहिलं.

भोंगा मात्र ते वाजवत नाहीत. भोंगा म्हणजे कबुलीजबाब, असं त्यांचं शास्त्र आहे. भोंगा वाजवावा लागला याचा अर्थ आपण उशिरा पाहिलं, आणि उशिरा पाहिलं ही आपली चूक. तेव्हा दुसऱ्याच्या कानाशी ओरडण्यात कसला पराक्रम? वर्षातून क्वचित कधी वाजवावा लागलाच तर घरी येऊन ते ताईला सांगतात, "आज वाजवला." आणि जेवताना गप्प असतात. गाडी सुरू करण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारायची, चाकं बघायची, खाली वाकून कोणी झोपलंय का पाहायचं, हीही क्लासातलीच शिकवण. सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या एका काकूंना तो नवस वाटला. रोज सकाळी माणूस गाडीला प्रदक्षिणा घालतो म्हणजे काहीतरी प्रचीती असणार, म्हणून त्या येता-जाता साडूंच्या गाडीला हात जोडू लागल्या. पुढे एकदा त्या फेरीत मागच्या चाकाशी मांजरीची पिल्लं सापडली, आणि काकूंचा विश्वास पक्का झाला. आता त्या गुरुवारी फूलही ठेवतात. साडूंनी ते थांबवलेलं नाही. ते म्हणतात, निदान त्या निमित्ताने कोणीतरी चाकाकडे बघतं आहे.

हे सगळं गाडीत असेपर्यंत ठीक. पण आमचे साडू लग्नाच्या पंगतीतसुद्धा खुर्ची मागे सरकवण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे पाहतात, आणि श्रीखंडाची वाटी घेऊन वळण्याआधी ज्या बाजूला वळायचं तो हात किंचित बाहेर काढतात. एका मुंजीत त्यांच्या या हातावर कोणीतरी दक्षिणा ठेवली होती.

दुसऱ्याच्या गाडीत बसले की मात्र त्यांचे हाल बघवत नाहीत. बोलत काही नाहीत. सभ्य माणूस आहे. फक्त उजवा पाय दाबतात. समोर रिक्षा आडवी आली, पाय दाबला. सिग्नल पिवळा झाला, पाय दाबला. माझी गाडी मी एकटाच चालवतो, रोज हिंजवडीला कंपनीत नेतो आणि आणतो; पण तिची डाव्या बाजूची चटई उजवीच्या आधी झिजली, ती केवळ आमच्या साडूंमुळे. मी एकदा वैतागून म्हणालो, "अहो, तिथे ब्रेक नाही." ते म्हणाले, "माहीत आहे. म्हणून तर एवढा जोरात दाबतोय."

पुष्कळ लोकांना वाटतं, यामागे काहीतरी दुःख असणार. कोणीतरी गेलं असेल, डोळ्यांसमोर काही घडलं असेल. मलाही वाटायचं. एकदा गच्चीवर चहा घेताना मी आडून आडून विचारलं, की तुमच्या बाबतीत कधी काही झालं होतं का? ते चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "काही झालं नाही." मी वाट पाहिली. "काही झालं नाही, म्हणूनच," ते म्हणाले. "व्हायची वाट बघून मग शिकायचं असतं का?" एवढंच. मला जरा फसवणूक झाल्यासारखं वाटलं. चांगली गोष्ट ऐकायला मिळेल म्हणून मी दुसरा कपही घेतला होता.

क्लास चालवणाऱ्या बाई यवतमाळकडच्या. वयाने साडूंच्या मुलीसारख्या. लग्न होऊन पुण्यात आल्या, नवऱ्याची फॅक्टरीतली पाळी सांभाळत आधी दुसऱ्याच्या क्लासात शिकवलं आणि मग स्वतःची एक गाडी घेऊन हा क्लास काढला. साडू त्यांना "बाई" म्हणतात आणि त्या आल्या की उठून उभे राहतात. गुरुपौर्णिमेला नारळ नेऊन देतात. बाईंना पहिल्या वर्षी फार संकोच झाला. "काका, तुमाले येते ना गाडी, मंग कामून पैसे वाया घालून राहिले?" तेव्हा साडूंनी त्यांच्याकडून एक परीक्षा कबूल करून घेतली. शिकवायच्या गाडीत बाईंच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि तो मात्र खरा असतो. दसऱ्यानंतरची शिकवणी संपली की शेवटच्या दिवशी साडू भर रहदारीत गाडी चालवणार, बाई शेजारी बसणार. बाईंचा पाय त्यांच्या ब्रेकवर एकदाही गेला नाही तर साडू पास. गेला, तर त्या दिवसापासून गाडी बंद, कायमची. हा नियम त्यांनी घरात सगळ्यांसमोर जाहीर केला होता, आणि आम्ही सगळे दरवर्षी निकालाच्या दिवशी पेढे मागायचो. साडू पेढे द्यायचे. एक पेढा बाईंना, एक आम्हाला, आणि उरलेले आक्कांना.

आता आक्कांबद्दल सांगायला हवं. आक्का म्हणजे साडूंच्या थोरल्या बहीण, ऐंशीच्या पुढच्या. धायरीला मुलाकडे असतात. मुलगा-सून सकाळी कंपनीच्या बसने जातात ते दिवेलागणीला येतात. आक्कांचे गुडघे गेले आहेत. रात्री कूस बदलली की कळ येते, त्यामुळे झोप नाही. दर रविवारी सकाळी साडू धायरीला जाऊन त्यांना बिबवेवाडीला घेऊन येतात, ताई त्यांच्या आवडीचं काहीतरी करते, आणि उन्हं कलली की साडू त्यांना परत सोडतात. आता खरी गंमत अशी, की आक्का या गाडीत झोपतात. पुढची सीट पूर्ण मागे सरकवलेली, गुडघ्यांखाली उशी. गाडी धायरी फाट्याच्या पुढे आली की त्यांची मान कलते. जाताना झोप, येताना झोप. आक्कांची आठवड्याची झोप काय ती तेवढीच. एकदा त्यांच्या मुलाने हौसेने भाड्याची गाडी बोलावली, तर चालवणारा एका हाताने फोनवर बोलत होता. आक्कांनी त्याला दांडेकर पुलापाशी थांबवलं आणि उतरून, काठी टेकत, त्याच्या आईवडिलांची चौकशी केली. "बाळच्या गाडीत मला आपली झोप लागते," त्या म्हणतात. बाळ म्हणजे आमचे साडू. आणि साडू म्हणतात, "बाईंची परीक्षा वर्षातून एकदा. आक्काची दर रविवारी." गाडीत बसलेलं माणूस झोपलं पाहिजे, हीच त्यांची चांगल्या गाडी चालवण्याची व्याख्या. धक्का नाही, झटका नाही, भोंगा नाही, भीती नाही. मी ही व्याख्या कंपनीत एकाला सांगितली. तो म्हणाला, माझ्या गाडीत बायको डोळे मिटून बसते, पण ती झोपलेली नसते.

गेल्या दसऱ्यानंतर साडू नापास झाले.

मला हे बाईंकडून कळलं, कारण साडूंनी स्वतः एवढंच सांगितलं की निकाल लागला. शेवटचा दिवस होता. सगळं नेहमीसारखं चाललं होतं. बिबवेवाडीतून खाली उतरताना डाव्या गल्लीतून सायकलवर एक शाळकरी मुलगी आली. फार वेगात नाही, साधी, पाठीला दप्तर लावलेली. बाईंचा पाय गेला. गाडी थांबली. मुलगी निघूनही गेली, तिला काही कळलंसुद्धा नाही. बाई म्हणाल्या, "काका, सवयीनं गेला पाय. दिवसभर पोरं शिकवून राहिली ना, पाय आपसूक जाते." साडूंनी विचारलं, "बाई, सवयीने गेला की गरजेने?" बाईंनी मला हे सांगताना डोळे पुसले. म्हणाल्या, "मी खोटं बोलली असती जी. पण ते माह्याकडं असे पाहून राहिले होते, जसं पोरगं निकालाच्या दिवशी मास्तरकडं पाहते." त्या म्हणाल्या, गरजेने. साडूंनी गाडी बाजूला घेतली, हॅन्डब्रेक लावला, इंजिन बंद केलं, आरशात पाहून मग दार उघडलं, आणि उतरून दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले. बाईंनी गाडी चालवत त्यांना घरी आणून सोडलं. पेढ्यांचा पुडा साडूंनी सकाळीच आणून ठेवला होता.

आम्ही सगळे धावलो. ताई म्हणाली, एका वेळेने काय होतं. माझी बायको म्हणाली, डोळे तपासून घ्या, चष्मा बदलेल. डोळे तपासून झाले. चष्मा होता तोच बरोबर होता. मी म्हणालो, "अहो, नियम तुमचाच आहे. तुम्ही केला, तुम्ही बदला. मुलांना नव्हतात का सांगत, नापास झालात तर पुन्हा बसा?" साडू गाडीवरचा दसऱ्याचा हार काढत होते. झेंडू वाळून गेला होता. ते म्हणाले, "गणित चुकलं तर वही खराब होते, साडूभाऊ. इथे वही नाही." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी तिला पाहिलंच नव्हतं. उशिरा पाहिलं असं नाही. पाहिलंच नव्हतं." किल्ली त्यांनी ताईच्या हातात दिली. ताई गाडी चालवते, पण चौकापलीकडच्या भाजी मंडईपर्यंत. त्यापुढे ती कधी गेलेली नाही.

पुढचा रविवार आक्का आल्या नाहीत. त्याच्या पुढचाही. साडूंनी रिक्षाने जाऊन त्यांना भेटून येण्याचा प्रयोग केला. आल्यावर ताईने विचारलं, "कशा आहेत?" ते म्हणाले, "जागी आहे."

त्या आठवड्यात त्यांचा मला फोन आला. "साडूभाऊ, रविवारी मोकळे असता का?" मी ताबडतोब हो म्हणालो. मला खरंच बरं वाटलं होतं. "गाडी आहे, मी आहे, आणतो की आक्कांना," मी म्हणालो. मग ते म्हणाले, "तसं नाही. आधी बाईंकडे जावं लागेल."

पन्नाशी उलटल्यावर, रोज हिंजवडीचा चौक जिंकून येणारा मी, अशा रीतीने त्या पहिल्या खुर्चीवर जाऊन बसलो. बाईंनी गाडी चालवायला दिली. मी निघालो आणि पहिल्याच वळणावर त्यांचा पाय गेला. दुसऱ्या वळणावर गेला. तिसऱ्याला त्यांनी तो उचललाच नाही. गाडी बाजूला घ्यायला लावून त्या माझ्याकडे कुतूहलाने बघत राहिल्या. "काका, तुम्ही रोज हिंजवडीले जाता?" मी म्हटलं, हो. "आन् परत येता?" मी मान डोलावली. "आरशात कवा पाहता?" मी म्हणालो, दाढी करताना. त्या हसल्या नाहीत. साडू मागच्या सीटवर बसलेले होते. त्यांना हसू आलं असावं, पण सभ्य माणूस आहे. दोन आठवडे मी सुटीच्या दिवशी गेलो, कधी कामावरून आल्यावर गेलो. पुढच्या गाडीपासून अंतर कसं ठेवायचं, ते भरलं तरी रागावायचं कसं नाही, गल्लीच्या तोंडाशी पाय आधीच कसा हलका करायचा, हे शिकलो. रागावायचं नाही, हा त्यातला सगळ्यात कठीण धडा. तो मला अजून पूर्ण येत नाही. ज्या दिवशी बाईंचा पाय गेला नाही, त्या दिवशी साडूंनी मला पेढा दिला. तो गेल्या खेपेचाच होता की काय, अशी मला शंका आहे. मग त्यांनी पिशवीतून पाटी काढली आणि माझ्या गाडीला मागे तारेने बांधली. "काढू नका," ते म्हणाले. "काही दिवस लोक हसतात. मग सवय होते, त्यांना." कंपनीच्या आवारातला रखवालदार आता मला रोज विचारतो, "सर, कधी होणार?"

पहिल्या रविवारी आक्का माझ्या शेजारी बसल्या त्या वरचं हँडल घट्ट धरून. "पाहुणे, तुम्हाला त्रास," एवढं म्हणाल्या आणि मग संबंध रस्ता टक्क जाग्या. साडू मागे. आणि मागून चटईवर धप, धप. मी काही त्यांना अडवलं नाही. दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी हँडल सुटलं, हात मांडीवर आला, पण डोळे उघडेच. मला आश्चर्य वाटायचं ते माझंच. पोरांच्या निकालाला मी एवढा धास्तावलो नव्हतो. आरसा पाहायचो, रस्ता पाहायचो, पुन्हा आरसा. आणि प्रत्येक खड्डा आधीच दिसायला लागला होता, ही एक नवीच शिक्षा.

मग एका रविवारी, उन्हं कलल्यावर आक्कांना सोडायला निघालो होतो. दांडेकर पूल गेला. सिंहगड रस्त्याची गर्दी नेहमीचीच. एक जण उजवीकडून आडवा घुसला, मी अंतर ठेवलं. दुसरा घुसला, मी पुन्हा ठेवलं. शिवी ओठांपर्यंत आली होती, ती गिळली. आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की मागची धप धप बंद झाली आहे. आरशात पाहिलं तर साडू पुढे वाकून, श्वास रोखून आक्कांकडे बघत होते. आक्कांची मान कलली होती. तोंड किंचित उघडं. साडूंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी बोलणार नव्हतोच.

धायरीला त्यांच्या इमारतीखाली गाडी उभी केली. आम्ही दोघेही तसेच बसून राहिलो. बऱ्याच वेळाने आक्का जाग्या झाल्या, पण डोळे न उघडताच त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बाळ, पोचलो का रे?"

मागून साडू म्हणाले, "हो आक्का. पोचलो." आवाज मागून आला, हे आक्कांच्या लक्षात आलं नाही.

त्यांना वर सोडून साडू खाली आले, गाडीभोवती एक फेरी मारून माझ्या शेजारी पुढच्या सीटवर बसले. आम्ही निघालो. त्यांचा पाय काय करतो आहे ते मला बघायचं होतं. पण गाडी चालू असताना नजर रस्त्यावरून काढायची नाही, हे मला पैसे भरून शिकवलेलं आहे. एका सिग्नलला थांबलो तेव्हा पाहिलं. साडूंनी चपला काढून ठेवल्या होत्या आणि सीटवर चक्क मांडी घातली होती. ते खिडकीला टेकून बाहेर बघत होते. या रस्त्याने त्यांनी आक्कांना किती वर्षं नेलं-आणलं, पण त्यांना असं बाजूला बघताना मी कधी पाहिलं नव्हतं. कुंपणामागे एक चाफा होता, पानं गळून फुललेला, बराच जुना, चांगला दोन मजल्यांएवढा वाढलेला.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "हे झाड इथे कधीपासून आहे हो?"

मला ठाऊक नव्हतं. सिग्नल सुटला होता, आणि मी समोर बघत होतो.